मधुमेह आणि वजनघट

मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या शरीराचे वजन कमी होणे म्हणजे मधुमेहातील वजनघट होय. ही घट दोन प्रकारची असते. आहार, व्यायाम, औषधे किंवा शस्त्रक्रिया यांच्या साहाय्याने ठरवून केलेली घट हा उपचाराचा भाग असतो. कोणताही प्रयत्न न करता आपोआप झालेली घट मात्र बहुधा रोग आटोक्याबाहेर गेल्याचे किंवा दुसरा एखादा रोग जडल्याचे लक्षण असते. टाइप २ मधुमेह असलेल्या स्थूल व्यक्तीचे वजन ५ ते १० टक्क्यांनी कमी झाले तरी रक्तशर्करा, रक्तदाब आणि रक्तातील मेद यांत सुधारणा दिसते. निदान होऊन थोडीच वर्षे झालेल्या काही रुग्णांत १५ किलोच्या आसपास घट झाल्यास औषधांशिवायही साखर आटोक्यात राहू शकते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. याच पाहणीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राच्या शहरी भागात प्रौढांपैकी १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के व्यक्तींना मधुमेह आढळला होता. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) यांसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा विषय अधिक गुंतागुंतीचा ठरतो. तेथे एकाच गावात, कधी एकाच घरात, वजन कमी करण्याची गरज असलेला मधुमेही आणि वजन वाढवण्याची गरज असलेला मधुमेही आढळू शकतो.

शरीरक्रिया

खाल्लेल्या अन्नातील पिष्टमय पदार्थांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर होते. हे ग्लुकोज पेशींत शिरण्यासाठी स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्सुलिनची गरज असते. गरजेपेक्षा अधिक ऊर्जा सतत मिळत राहिली, तर ती चरबीच्या रूपाने प्रथम त्वचेखाली साठते. तेथील साठवणक्षमता संपली की चरबी यकृतात आणि पुढे स्वादुपिंडात साचू लागते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. त्यामुळे रात्रीचे जेवण कमी घेऊनही सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली दिसते. स्वादुपिंडातील चरबीमुळे इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींचे काम मंदावते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर यांनी २००८ मध्ये मांडलेले 'जुळ्या चक्रांचे' गृहीतक ते हेच.

त्यांच्या २०११ च्या प्रयोगात ११ रुग्णांना आठ आठवडे दररोज सुमारे ६०० कॅलरी एवढाच आहार देण्यात आला. पहिल्या आठवड्यातच उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली आणि यकृतातील चरबी घटली. आठ आठवड्यांत इन्सुलिनचा स्राव सुधारला. यावरून साखरेवर परिणाम करणारी मुख्य गोष्ट एकूण वजनापेक्षा यकृतात व स्वादुपिंडात साचलेली चरबी आहे, हे मत पुढे आले. साचण्याची ही सुरुवात प्रत्येक व्यक्तीत वेगवेगळ्या वजनाला होते. त्यामुळे दिसायला सडपातळ असलेल्या माणसालाही मधुमेह होऊ शकतो.

इतिहास

मधुमेही व्यक्तींचे स्थूल आणि कृश असे दोन वर्ग करण्याची कल्पना प्राचीन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचा एक रुग्ण स्थूल व बलवान, तर दुसरा कृश व दुर्बल असल्याचे सांगून दोघांसाठी निरनिराळे उपचार दिले आहेत: पहिल्याला शोधन, दुसऱ्याला शरीराचे पोषण करणारे बृंहण. प्रमेहात जवाचा आहारही चरकाने महत्त्वाचा मानला आहे. सुश्रुतसंहितेत जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असे दोन प्रकार सांगितले असून निर्धन रुग्णाला शंभर योजने चालण्याचा उपाय सुचवला आहे.

युरोपात १८७०-७१ मधील पॅरिसच्या वेढ्याच्या काळात अन्नटंचाईमुळे रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी झाल्याचे बुशार्दा या फ्रेंच वैद्याने नोंदवले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन यांनी रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत रूढ केली. टाइप १ मधुमेह असलेली मुले या आहाराने काही काळ जगत. पण त्यांची केवळ हाडे उरत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा माणसावर प्रथम वापर झाला आणि ही पद्धत मागे पडली. एकाच उपायाने एका प्रकारच्या रुग्णाला गुण येतो आणि दुसऱ्या प्रकारचा रुग्ण खंगत जातो, हा या इतिहासातील धडा आजही लागू पडतो.

भारतीय देहप्रकृती

कृश दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते, या निरीक्षणाला पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने शास्त्रीय आधार मिळाला. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदम्पटन येथील बालकांच्या तुलनेत ते सुमारे ८०० ग्रॅमने कमी होते. मात्र ही तूट प्रामुख्याने स्नायू व उदरातील अवयव यांत होती. त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. हे उदाहरण 'वाय-वाय विरोधाभास' या नावाने जगभर उद्धृत केले जाते.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरभार निर्देशांक मिळतो. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचवलेल्या निकषांनुसार २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलत्व मानले जाते. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक कंबरेचा घेर हे पोटातील चरबीचे निदर्शक समजले जाते. ज्यांचे हातपाय बारीक पण पोट सुटलेले आहे, अशांच्या बाबतीत वजनकाट्यापेक्षा टेप अधिक उपयोगी पडते.

किती घट, किती लाभ

अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००२) मधुमेहपूर्व अवस्थेतील ३,२३४ व्यक्ती सहभागी होत्या. ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी कमी झाले. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००६) जीवनशैलीतील बदलांमुळे हा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे भारतीय गटात सरासरी वजनात लक्षणीय घट झालेली नव्हती. वजनाचा काटा हलला नाही तरी चालणे आणि आहारातील बदल यांचा लाभ मिळतो, असे यावरून दिसते.

मधुमेह झाल्यानंतरच्या घटीचा अभ्यास ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या चाचणीत झाला. निदान होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या स्थूल रुग्णांची औषधे बंद करून त्यांना तीन ते पाच महिने दररोज सुमारे ८५० कॅलरींचा द्रव आहार दिला गेला. वर्षअखेरीस ४६ टक्के रुग्णांच्या मधुमेहाचा उपशम झाला होता. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. दोन वर्षांनी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. ज्यांचे वजन पुन्हा वाढले, त्यांच्यात मधुमेह परतण्याचे प्रमाण अधिक होते.

औषधे बंद केल्यानंतर किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली राहिल्यास त्या अवस्थेला उपशम म्हणावे, अशी व्याख्या २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने केली. उपशम म्हणजे कायमची रोगमुक्ती नव्हे. डोळे, मूत्रपिंड व पाय यांची वार्षिक तपासणी त्यानंतरही करावी लागते. मधुमेह जितका जुना, तितकी बीटा पेशी पूर्ववत होण्याची शक्यता कमी असते.

वजनघटीच्या लाभाला मर्यादाही आहेत. अमेरिकेतील 'लुक अहेड' या ५,१४५ रुग्णांच्या दीर्घ चाचणीत (२०१३) वजन घटवणाऱ्या गटात हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाही. मात्र औषधांची गरज, मूत्रपिंडाचे विकार आणि हालचालींतील अडचणी कमी झाल्या.

औषधे आणि वजन

मधुमेहावरील औषधांचा वजनावर होणारा परिणाम वेगवेगळा असतो. पथ्य पाळूनही वजन वाढत असल्यास त्याचे कारण औषधातही असू शकते.

• मेटफॉर्मिन: वजन स्थिर राहते किंवा किंचित घटते.
• सल्फोनिलयुरिया गट (ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड): वजन वाढू शकते, जेवण चुकल्यास रक्तशर्करा एकदम खाली जाण्याचा धोका असतो.
• इन्सुलिन: वजन वाढू शकते, मात्रा आणि जेवण यांचा मेळ नसल्यास रक्तशर्करा खाली जाते.
• पायोग्लिटाझोन: वजन वाढते आणि अंगात पाणी साठू शकते.
• सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन: वजनावर विशेष परिणाम होत नाही.
• डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: लघवीवाटे साखर जात असल्याने वजन सुमारे २ ते ३ किलोंनी घटते, कडक उपवास किंवा पाण्याची कमतरता असताना रक्तात किटोन आम्ले वाढण्याचा धोका संभवतो.
• सेमाग्लुटाईड, टिर्झेपटाईड: भूक कमी होऊन वजन लक्षणीय घटते, मळमळ, उलटी व बद्धकोष्ठता हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत.

टिर्झेपटाईड मार्च २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले, तेव्हा त्याचा महिन्याचा खर्च दहा हजार रुपयांहून अधिक होता. शेतमजूर किंवा अल्पभूधारक कुटुंबाला तो परवडण्यासारखा नव्हता. ही इंजेक्शने थांबवल्यावर घटलेल्या वजनाचा बराचसा भाग पुन्हा वाढतो.

वजन उतरू लागले की औषधांची गरजही उतरते. पूर्वीच्याच मात्रेत सल्फोनिलयुरिया, इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू राहिल्यास साखर व रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतात. आहार बदलण्याआधीच डॉक्टरांना सांगणे यासाठी आवश्यक मानले जाते. रुग्णाने स्वतःच गोळ्या बंद करणेही तितकेच धोक्याचे असते. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन कमी करून वजन उतरवणे प्राणघातक ठरू शकते.

धाराशिव जिल्ह्यातील आहार

धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी, कळंब, तुळजापूर, लोहारा, उमरगा आणि धाराशिव या आठही तालुक्यांचा पारंपरिक आहार ज्वारीच्या भाकरीवर उभा आहे. रब्बी हंगामातील शाळू, तूर व हरभऱ्याची डाळ, येसर घातलेली आमटी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि अंबाडी, तांदुळजा, घोळ यांसारख्या पालेभाज्या हे त्याचे प्रमुख घटक होत. खरिपात सोयाबीनचे आणि पाण्याची सोय असलेल्या शिवारात उसाचे क्षेत्र वाढले. शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळत आल्याने पोळी आणि भात यांचे ताटातील प्रमाणही वाढले.

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतू आणि ३३४ कॅलरी असतात. तंतूंमुळे पोट लवकर भरते आणि साखर सावकाश वाढते. तरीही ज्वारीत पिष्टमय पदार्थ भरपूर असतात, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ धरल्यास तिच्यातून सुमारे २५० कॅलरी मिळतात. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीतून साधारण १०० मिळतात. म्हणजे दोन पोळ्यांऐवजी दोन भाकरी घेतल्यास ऊर्जा कमी न होता अडीच पटीने वाढते. भाकरीची संख्या किंवा आकार कमी करून त्या जागी डाळ, उसळ, पालेभाजी, ताक किंवा अंडे वाढवणे हा अधिक उपयुक्त बदल ठरतो.

लक्षात न येणारी ऊर्जा मुख्यतः तीन ठिकाणी असते:

• चहा: प्रत्येकी दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर व २०० कॅलरी. गूळ वापरल्याने यात फारसा फरक पडत नाही.
• तेल व शेंगदाण्याचा कूट: एक चहाचा चमचा तेलात सुमारे ४५, तर २० ग्रॅम कुटात सुमारे १०० कॅलरी असतात. कूट पौष्टिक असला तरी मोजून घ्यावा लागतो.
• पाहुणचार व सणावारातील गोड: पुरणपोळी, पेढा, खव्याचे पदार्थ. भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध आहे.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. रोजचे २०० कॅलरींचे सेवन कमी झाल्यास हिशेबाने महिन्याला पाऊण किलोच्या आसपास घट व्हावी. प्रत्यक्षात शरीर आपला खर्च आवरत असल्याने ती कमी होते. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास घट सुरक्षित समजली जाते. फार वेगाने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. उतरलेल्या वजनाचा साधारण एक चतुर्थांश भाग स्नायूंचा असतो; प्रथिने आणि ताकदीचे व्यायाम यांनी हे नुकसान कमी करता येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी प्रतिदिन प्रतिकिलो ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे लागते.

घरातील स्त्रिया सर्वांत शेवटी जेवतात त्या कुटुंबांत त्यांच्या वाट्याला डाळ-भाजी कमी आणि भाकरी किंवा भात अधिक येतो. अशा स्त्रीला केवळ 'कमी जेवा' असे सांगितल्यास आधीच अपुरी असलेली प्रथिने आणखी कमी होतात. ताटातील वाटणी बदलण्यासाठी संपूर्ण कुटुंबाशी बोलणे अधिक परिणामकारक ठरते.

उपवास

शारदीय नवरात्रात तुळजाभवानीचे अनेक भक्त नऊ दिवस उपवास करतात. वजन कमी होईल या अपेक्षेनेही काही मधुमेही हा उपवास धरतात. साबुदाणा हा कसावा या कंदापासून काढलेला जवळजवळ शुद्ध स्टार्च असल्याने तो साखर झपाट्याने वाढवतो. बटाटा, रताळे, तळलेले पदार्थ व शेंगदाण्याचा कूट यांमुळे उपवासाच्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक ऊर्जा पोटात जाऊ शकते. त्या मानाने राजगिरा, मोजक्या प्रमाणात भगर, दही, ताक, दूध आणि काकडी हे पर्याय बरे समजले जातात.

दुसऱ्या टोकाचा धोका निरंकार उपवासाचा असतो. सल्फोनिलयुरियाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेऊन जेवण टाळल्यास रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड आणि गोंधळलेपणा ही तिची लक्षणे होत; बोलीत यालाच 'शुगर लो होणे' म्हणतात. उपवासाचा थकवा समजून या लक्षणांकडे दुर्लक्ष होते. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि ती कमीच असल्यास हाच उपाय पुन्हा करावा. शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. अशा प्रसंगी उपवास मोडणे हाच उपचार असतो. इन्सुलिन घेणारे, गर्भवती स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि पूर्वी साखर अतिशय खाली गेलेल्या व्यक्ती यांना उपवास न करण्याचा सल्ला दिला जातो.

दोन वेळा जेवणाची पद्धत

धाराशिवला लागून असलेल्या लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याच्या पद्धतीचा महाराष्ट्रभर प्रसार केला. विदर्भातील विद्वान व राजकारणी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून या पद्धतीची प्रेरणा मिळाल्याचे ते सांगतात. कडक भूक लागेल त्या दोन वेळी जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवणे, मधल्या वेळेत ऊर्जा देणारे काहीही न घेणे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे ही तिची सूत्रे आहेत. वारंवार खाल्ल्याने वारंवार इन्सुलिन स्रवते आणि ते चरबी साठवण्यास कारण होते, असे या पद्धतीमागील प्रतिपादन आहे.

मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर स्थानिक व पारंपरिक अन्न थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा पुरस्कार करतात. २०१८ च्या सुमारास 'दीक्षित की दिवेकर' हा वाद मराठी वृत्तपत्रांत व घराघरांत रंगला होता. आहारशास्त्रातील सर्वसाधारण निष्कर्ष असा की, एकूण ऊर्जा सारखीच कमी केली असता खाण्याच्या वेळांतील फरकामुळे वजनघटीत मोठी तफावत पडत नाही. ज्या व्यक्तीला जी पद्धत दीर्घकाळ पाळता येते, ती तिच्यासाठी उपयुक्त ठरते. मधुमेहावरील औषधे चालू असताना मात्र जेवणांची संख्या घटवण्यापूर्वी औषधांच्या मात्रा व वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्या लागतात.

व्यायाम

आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे ही सर्वमान्य शिफारस आहे. केवळ व्यायामाने वजन फारसे उतरत नाही. परंतु स्नायू साखर अधिक वापरू लागतात आणि उतरलेले वजन टिकून राहण्यास मदत होते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास जेवणानंतरची साखर कमी वाढते. शेतीतील श्रम हंगामी असतात. पेरणी व सुगीच्या दिवसांत भरपूर कष्ट आणि उन्हाळ्यात बैठे दिवस, असा फरक असलेल्या व्यक्तीचा आहार व औषधेही त्यानुसार बदलावी लागतात.

मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असल्यास अनवाणी चालणे टाळावे लागते. नवरात्रात आणि कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूर व कर्नाटकातून हजारो भाविक तुळजापूरला पायी येतात. त्यांतील अनेकजण नवसामुळे अनवाणी असतात. संवेदना नसलेल्या पायाला तापलेल्या डांबराचा चटका किंवा काट्याची जखम कळत नाही. ती चिघळल्यास बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. मऊ तळाचे, पुढून बंद पादत्राण आणि रोज रात्री तळपायांची पाहणी हे त्यावरील साधे उपाय होत.

अनपेक्षित वजनघट

प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन उतरल्यास, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे वजन ३ किलोंनी घटल्यास, तपासणी आवश्यक असते. गावात अशा व्यक्तीचे 'पथ्य लागू पडले' म्हणून कौतुक होण्याचा संभव असतो. पुढील कारणे प्रामुख्याने विचारात घेतली जातात:

• अनियंत्रित मधुमेह: इन्सुलिनच्या अभावी साखर लघवीवाटे निघून जाते आणि शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळू लागते. सोबत फार तहान व वारंवार लघवी ही लक्षणे असतात.
• क्षयरोग: मधुमेहामुळे क्षयाचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात क्षयरुग्णांची मधुमेहासाठी आणि मधुमेहींची क्षयाच्या लक्षणांसाठी तपासणी केली जाते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप व रात्रीचा घाम यांकडे लक्ष द्यावे लागते.
• थायरॉईडचे विकार, कर्करोग, स्वादुपिंडाचे आजार आणि नैराश्य.
• अन्नाची टंचाई किंवा दातांच्या तक्रारींमुळे खाणे कमी होणे. वृद्धांत हे कारण विशेष आढळते.

बालपणापासूनच्या कुपोषणाशी संबंधित असलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये 'टाइप ५' असे नाव दिले. हे रुग्ण बहुधा तरुण व अतिशय कृश असतात. त्यांचा शरीरभार निर्देशांक १८.५ पेक्षा कमी असतो. त्यांना इन्सुलिनची कमतरता असते आणि पोषक, प्रथिनयुक्त आहाराची गरज असते. भिंतीवरील तक्त्यातला 'वजन कमी करा' हा सल्ला अशा रुग्णाला अपायकारक ठरतो.

आरोग्यसेवा

असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची तपासणी अपेक्षित आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन वय, तंबाखू व मद्याचे सेवन, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि कौटुंबिक इतिहास यांची नोंद करते. पुढील तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. धाराशिव येथे २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कार्यरत आहे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून प्रशिक्षित करण्याचे काम केले आहे.

ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या मजुरांचे औषध, तपासणी आणि आहार यांतील सातत्य अनेक महिने तुटते. या काळात कष्ट वाढतात व जेवणाच्या वेळा अनिश्चित होतात. त्यामुळे निघण्यापूर्वी वजन व साखर मोजून घेणे, पुरेशी औषधे आणि उपचाराचा कागद सोबत ठेवणे, तसेच परतल्यावर पुन्हा वजन करणे उपयुक्त ठरते. महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच काट्यावर आणि सकाळी उपाशीपोटी केलेली वजनाची नोंद कंबरेच्या घेरासह वहीत ठेवल्यास वजन ठरवून घटते आहे की आपोआप, हे डॉक्टरांना समजू शकते. एचबीए१सी ही चाचणी साधारणपणे दर तीन महिन्यांनी करतात. वजन व एचबीए१सी दोन्ही उतरत असल्यास उपचार योग्य दिशेने चालले असल्याचे मानले जाते. वजन उतरत असून एचबीए१सी वाढत असल्यास विलंब न करता वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.